नाव न ठेवलेला मासा

शफीभाईंच्या शोकसभेत तीन जण बोलले आणि तिघांनीही खोटे सांगितले. खोटे हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. उभा जन्म अकोल्याच्या न्यायालयात वकिली करण्यात गेल्यामुळे चुकीची माहिती, अर्धवट माहिती आणि खोटे यांतला फरक मला कळतो. सभेत मी हरकत घ्यायला उठलो, तेव्हा संयोजकांपैकी एका तरुणाने माझ्या खांद्यावर हात ठेवून, काका, आजचा दिवस वादाचा नाही, असे सांगून मला खाली बसवले. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषणे वर्तमानपत्रात आली. माझी हरकत आली नाही. ज्याच्याविषयी बोलले जात होते तो माणूस हयातभर वाद घालत जगला. त्याच्या शोकसभेचा दिवस वादाचा नसेल, तर वादाचा दिवस कोणता, हे त्या तरुणाला विचारायचे माझे राहून गेले.

शफीभाईंचे पुतणे म्हणाले की, काकांनी मासोळ्यांच्या छंदापायी दर्यापूरचे चालते दुकान बुडवले. त्यानंतर एका महाविद्यालयाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक बोलले. त्यांच्या मते शफीभाई हे रंगांचे जादूगार होते आणि चित्रकार कापडावर रंग भरतो तसे ते माशांवर रंग भरत. शेवटी सभेचे अध्यक्ष उभे राहिले. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. ते नको तितक्या ठिकाणी छापून येते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सांगितले की, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरोघरी शोभेचा मासा नेऊन पोचवण्याचे स्वप्न शफीभाईंनी आणि त्यांनी मिळून पाहिले होते.

या तिसऱ्या वाक्याला टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढेही ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी मी लिहीत नाही. ज्यांनी शफीभाईंच्या दुकानातून कधी सरकीची पिशवी घेतली असेल, त्यांच्यासाठी लिहितो.

उंच, काटकुळे, किंचित वाकलेले, पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यावर कायम पाण्याचा डाग असलेले शफीभाई जठारपेठेत माझ्या घरासमोर राहत. दाढीला मेंदी लावत. मेंदी उतरू लागली की बुंध्याशी पांढरी, मध्ये केशरी आणि टोकाला पुन्हा फिकट अशी ती दाढी दिसे. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणायच्या, "आरसा पाहा जरा. टाकीतल्या मासोळीत अन् तुमच्यात फरक नाही राह्यला." यावर शफीभाई गंभीरपणे आरशापुढे उभे राहून दाढीचे पट्टे तपासत. प्राध्यापक महाशयांच्या माहितीसाठी नमूद करतो की, शफीभाईंनी आयुष्यात रंगवली ती एवढी एकच वस्तू.

स्वभावाने ते गोड मुळीच नव्हते. शोकसभेत त्यांच्या मधुर वाणीचा उल्लेख झाला, तेव्हा दर्यापूरहून आलेले दोन-तीन म्हातारे एकमेकांकडे पाहून हसले. त्या सभागृहातली तेवढीच खरी श्रद्धांजली. दर्यापूरच्या बसस्थानकाजवळ त्यांचे बियाण्यांचे दुकान होते. त्या दुकानात गिऱ्हाइकाची उलटतपासणी होई. जमीन भारी की हलकी, पाणी कुठे साचते, मागच्या साली काय पेरले होते, हे सगळे विचारून झाल्यावर ते पुष्कळदा बियाणे द्यायला नकार देत. "तुह्या वावरात हे नाही चालत. जाय, दुसरीकडून घे, अन् मंग माया नावानं बोंबलू नोको." माणूस रागावून जाई आणि पुढच्या हंगामात परत येई.

दुकानाच्या मागच्या खोलीत दोरीवर ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या टांगलेल्या असत. बियाण्याचा नवा माल आला की शफीभाई स्वतःच्या हाताने त्यातली एक पिशवी फोडत, दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडत, गुंडाळी करत आणि रोज तिच्यावर पाणी शिंपडत. ही काही त्यांची विद्या नव्हे. शहाणा कास्तकार घरी हेच करतो. दुकानदार मात्र करत नाही, कारण गुंडाळी उलगडेपर्यंत माल विकता येत नाही. पेरणीच्या तोंडावर समोरच्या दुकानांत झुंबड उडालेली असताना हे गृहस्थ हात बांधून बसत. कुणी वाणाचे नाव घेऊन मागू लागला, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "पयले उगू द्या. मंग नाव घ्या."

आता पुतण्यांच्या विधानाकडे येतो. ज्या वर्षांत वऱ्हाडचे नाव रोज वर्तमानपत्रात येई आणि दिल्लीहून माणसे मोटारींनी येऊन आमची काळी माती चिमटीत धरून पाहत, त्या वर्षांतली ही गोष्ट आहे. कपाशीच्या एका वाणाची अशी हवा झाली होती की, लोक त्याच्यासाठी पहाटेपासून रांगा लावत. शफीभाईंकडे तो माल आला. गोणपाट उलगडले तेव्हा निम्मेही दाणे फुटलेले नव्हते. त्यांनी पुन्हा लावले, तेच झाले. कंपनीचा माणूस अमरावतीहून आला. तुम्ही पिशवी फोडली म्हणजे तपासणी बाद झाली, असे त्याने सांगितले, आणि उगवण ही पावसावर असते, गोणपाटावर नव्हे, असेही ऐकवले. शफीभाईंनी सगळा माल त्याच्याच गाडीत परत चढवला. पुढच्या महिन्यात त्या कंपनीने आपली एजन्सी रस्त्यापलीकडच्या एका नव्या दुकानाला दिली. ते दुकान याच पुतण्यांचे. शफीभाईंना मग कुणी माल देईना आणि त्यांचे दुकान बंद पडले. त्या दिवशी त्यांच्या घरात मासोळी नव्हती. तिला यायला अजून अवकाश होता. पुतणे शोकसभेत रडले. त्यांच्या रडण्याबद्दल माझी तक्रार नाही. कालक्रमाबद्दल आहे.

दुकान मिटल्यावर ते अकोल्याला आले. भाभींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोघे मुंबईला गेले असता, दवाखान्याशेजारी शोभेच्या माशांच्या दुकानात त्यांनी समुद्रातला क्लाउनफिश प्रथम पाहिला: बोटभर लांबीचा, केशरी अंगाचा, त्यावर पांढरे तीन पट्टे. शेजारच्या टाकीत तोच मासा होता, पण त्याचा मधला पट्टा तुटलेला होता, आणि किंमत कितीतरी पट जास्त. शफीभाईंनी कारण विचारले. दुकानदार म्हणाला की, हा डिझायनर आहे, असा हजारात एखादा निघतो. शफीभाईंनी विचारले, याच्या पिल्लांचाही पट्टा तुटलेला निघेल काय? दुकानदाराला ते ठाऊक नव्हते. ज्याला पुढच्या पिढीचे ठाऊक नाही, त्याने वाणाचे नाव घेऊन पैसे घ्यावेत, हे शफीभाईंना सहन झाले नाही. याला छंद म्हणत नाहीत. याला संताप म्हणतात. त्या संतापाच्या भरात ते एक जोडी घेऊन आले.

समुद्रापासून इतक्या दूर, जिथे उन्हाळ्यात कावळेही झाडावर चोच उघडून बसतात, त्या आमच्या गावात एका खोलीत समुद्र उभा राहिला. गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ, खिडकीला वाळ्याचा कूलर, भिंतीला लागून काचेच्या टाक्या. भाभी पहिल्या दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "वकीलसाहेब, नळ येते पाचव्या दिवशी, अन् आमचे साहेब त्याच्यात मीठ टाकून ठेवतात. यांच्यावर कोणती कलम लागते ते सांगा." मी सांगितले की, असे कलम अजून झालेले नाही. पुढे त्याच भाभी पाण्याचा खारेपणा नुसत्या जिभेवर घेऊन सांगू लागल्या आणि शफीभाईंचे मापयंत्र चुकते, असा त्यांचा ठाम दावा होता. मासे अंडी घालत ती टाकीत ठेवलेल्या कौलाच्या तुकड्यावर. ते कौल दर्यापूरच्या बंद दुकानाचे होते.

पहिली मोठी वीण जगली ती भारनियमनाच्या दिवसांत. या माशांच्या पिल्लांना पहिले काही दिवस डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात आणि ते वेगळ्या भांड्यात वाढवावे लागतात. एके दिवशी वीज गेली ती सांजेपर्यंत आली नाही. ट्रकच्या बॅटरीवर पिल्लांची हवा चालू ठेवली, पण खाद्याच्या भांड्याकडे लक्ष राहिले नाही आणि ते सगळे सडले. नवीन खाद्य तयार होईपर्यंत पिल्ले उपाशी राहिली. बरीच मेली. उरली त्यांच्या अंगावर पट्टे उमटू लागले, तेव्हा कुणाचा पट्टा अर्धाच आला, कुणाचा मध्येच तुटला, एका मासोळीच्या मानेवर तर नदीला फाटा फुटावा तसा दुभंगलेला पट्टा आला. मी अभिनंदन केले. मुंबईच्या भाषेत हे सगळे डिझायनर होते. शफीभाई माझ्यावरच उखडले.

"वकीलसाहेब, प्रेत पाहून तुमी सांगू शकता का, मारलं का मेलं? मंग नुसता पट्टा पाहून मी काय सांगू? उपासानं तुटला, पाण्यानं तुटला, का रक्तातच आहे? पयले याह्यची लेकरं पाहू द्या."

काही महिन्यांनी मुंबईचा एक व्यापारी येऊन त्यांतले निवडक मासे घेऊन गेला. शफीभाईंनी त्याला साध्या माशाचा भाव लावला आणि हे उपासाचे पट्टे आहेत, वाण म्हणून विकू नका, असे माझ्यादेखत बजावले. व्यापारी हसला आणि म्हणाला, "चाचा, गिऱ्हाईक पट्टा विकत घेतं, त्याचं कारण नाही." शफीभाईंनी आपली चूक पुढे अनेकदा बोलून दाखवली: त्या हसण्यावर त्यांनी मासे परत काढून घ्यायला हवे होते. मागे ठेवलेल्या माशांच्या त्यांनी जोड्या लावल्या आणि पिल्ले होण्याची वाट पाहू लागले. ती सगळी, झाडून सगळी, अखंड तीन पट्ट्यांची निघाली. शफीभाई इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले. ज्या गोष्टीने एखादा व्यापारी कपाळाला हात लावील, तिच्यासाठी त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

त्याच सुमारास शोकसभेचे आमचे सन्माननीय अध्यक्ष रंगात आले. ते दिवसच तसे होते. कुणी सफेद मुसळी घेऊन गावात येई, कुणी इमू पक्षी. कापसाने पाठ फिरवलेल्या माणसाला जो तो नवा रस्ता दाखवत होता आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी अनामत रक्कम घेणारा टेबल मांडून बसलेला होता. अध्यक्षांनी अमरावतीत कार्यालय थाटले. प्रत्येक घरी डिझायनर माशांची एक जोडी द्यायची, पिल्ले त्यांच्याच कंपनीने विकत घ्यायची, अशी योजना होती. पहिला मेळावा दर्यापूरच्या मंगल कार्यालयात ठरला. त्याचे पत्रक आमच्या हाती आले, त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: अकोल्याचे मत्स्यतज्ज्ञ शफीभाई यांच्या पैदाशीतील अस्सल वाण. शफीभाईंना कुणी विचारलेले नव्हते. दर्यापूर निवडले होते ते काही उगाच नव्हे. तिथे या नावावर लोक डोळे मिटून पिशवी घेत असत.

आम्ही दोघे काळीपिवळी जीपने दर्यापूरला निघालो. शफीभाईंच्या मांडीवर झाकणाला भोके पाडलेल्या दोन बरण्या आणि त्यांत हवा सोडणारा, सेलवर चालणारा पंप. गाडीत दाटीवाटीने बसलेल्या एका बाईंनी विचारले, "चाचा, खायच्या मासोया आहेत का?" शफीभाई म्हणाले, "नाही बापा. साक्षीदार आहेत. कोर्टात चालले. हे सोबत वकीलसाहेब दिसून नाही राह्यले का?" बाई उरलेला सगळा रस्ता माझ्याकडे संशयाने पाहत होत्या.

मंगल कार्यालय भरलेले होते. मंचावर निळ्या दिव्याखाली टाकी आणि तिच्यात तुटक्या पट्ट्यांचे मासे. शफीभाई जवळ जाऊन वाकले आणि मुंबईच्या व्यापाऱ्याने नेलेली दुभंगलेल्या पट्ट्याची ती मादी त्यांनी ओळखली. अध्यक्षांचे भाषण चालू असतानाच पुढच्या रांगेतले शफीभाईंचे एक जुने गिऱ्हाईक उभे राहिले आणि मंचाकडे न बघता त्यांना म्हणाले, "शफीभाई, तुमी सांगा. घेऊ का नोको?"

सगळी सभा यांच्याकडे वळली. एक शब्द बोलायचा होता. घ्या म्हणाले असते तर त्या दिवशी निम्मे दर्यापूर टेबलापाशी रांगेत उभे राहिले असते, आणि घेऊ नका एवढेच म्हणून बसले असते तर त्यांची स्वतःची अब्रू शाबूत राहिली असती. शफीभाईंनी दोन्हीपैकी काही केले नाही. त्यांनी बरण्या मंचावर ठेवल्या.

"ह्या मासोळ्या माया घरच्या आहेत," ते म्हणाले. "लाइट नोती, खाणं सडलं, लेकरं उपाशी राह्यली, तवा पट्टा तुटला. हे वाण नाही. माही चूक आहे. याह्यच्या सख्ख्या भावाबहिणीची लेकरं म्या संगं आणली. पाहा. तुमच्या घरी अशीच निघतीन. साधी. मंग ती कोन घेईन, ते याह्यले विचारा."

लोक पुढे येऊन बरण्यांत डोकावू लागले. केशरी अंग, पांढरे तीन पट्टे, कुठेही खंड नाही. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून अतिशय सौम्य स्वरात सांगितले की, मंडळी, आपला माल खराब आहे असे हे गृहस्थ स्वतःच कबूल करीत आहेत. आता कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. मागून कुणीतरी ओरडले की, चाचा मासोया रंगवते. त्यावर हशा पिकला. आणि एका उत्साही तरुणाने टाकीत हात घालून ती दुभंगलेल्या पट्ट्याची मादी बाहेर काढली आणि रंग निघतो का, हे पाहण्यासाठी गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसायला घेतली.

शफीभाईंना अजीजी करताना मी त्या एकाच वेळी ऐकले. "रंग नाही निघत, बापा. सोड तिले. पाण्यात सोड."

रंग निघाला नाही. मासा परत पाण्यात गेला आणि तळाशी आडवा झाला. पण बरण्यांतली साधी पिल्ले सगळ्यांनी पाहिली होती; दर्यापुरात एकाही घरी जोडी गेली नाही. अध्यक्षांची योजना दुसऱ्या तालुक्यांत गेली. तिथे पुढे काय झाले, ते तिथल्या माणसांना विचारा. मात्र दर्यापूरच्या त्या दुपारपासून शफीभाईंविषयी दोन गोष्टी कायमच्या बोलल्या जाऊ लागल्या: की ते मासे रंगवतात आणि की त्यांनी भर सभेत आपला माल खराब असल्याचे कबूल केले. पहिली धडधडीत खोटी. दुसरी खरी, आणि ती खरी आहे म्हणूनच या माणसाला मी मानतो. आपल्या जिल्ह्यात त्या वर्षांत न उगवलेले बियाणे काही थोडे विकले गेले नाही. विकणाऱ्यांपैकी मंचावर चढून, ही माझी चूक, असे म्हणणारा दुसरा माणूस मला दाखवावा. आणि स्वप्नाचे म्हणाल, तर अध्यक्षांचा आणि शफीभाईंचा संबंध त्या एका ध्वनिक्षेपकापुरता आला, आणि तोही शफीभाईंच्या हाती दिला गेला नाही.

मी त्यांना मानहानीचा दावा लावा म्हणून पुष्कळ सांगितले. मसुदाही केला. त्यांनी तो वाचला, माझी भाषा फार जड आहे असा शेरा मारला आणि परत दिला. त्यांचे सगळे लक्ष आता एका टाकीकडे लागले होते. तीत एक जोडी अशी होती की, तिच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा आत शिरत एकमेकांना भिडल्या होत्या आणि अंगावर केशरी रंगाची जणू बेटेच उरली होती. या वेळी उपास नव्हता, पाणी चोख होते. पिल्ले झाली; त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर तीच बेटे उमटली. त्यांच्या जोड्या लागायला आणखी काळ गेला. वाट पाहण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रत्येक टाकीच्या काचेवर ते खडूने आईबापांची टाकी लिहीत आणि खाली नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ ओढत. प्राध्यापक महाशय ज्याला जादू म्हणतात, ती ही रेघ होती. त्यांनी माशावर रंग भरला नाही. रंग आपणहून आला आणि टिकतो का, हे ते पाहत राहिले.

शोकसभेत अध्यक्षांनी शेवटी सुचवले की, या माशाला शफीभाईंचेच नाव द्यावे. एकमताने मंजूर झाले म्हणे. माझे मत त्या एकमतात धरले होते काय, आणि भाभींचे? त्या तर सभेला गेल्याच नाहीत. घरी टाकीपाशी बसल्या होत्या. नातवंडांची पिढी नुकतीच अंड्यातून निघाली आहे आणि त्यांच्या अंगावर अजून पट्टा उमटलेला नाही. नाव देण्याचा ठराव घेऊन दोघे जण त्यांच्याकडे गेले, तेव्हा भाभींनी त्यांना दारातूनच परत पाठवले.

शफीभाईंना मी शेवटचे पाहिले, तेव्हा कूलर चालू होता आणि ते स्टुलावर बसून, भिंग डोळ्याला लावून, त्या बेटांच्या जोडीच्या लेकरांनी कौलावर घातलेली नवी अंडी पाहत होते. दाढीची मेंदी पुष्कळ उतरली होती. मी घाईत होतो. त्यांची थट्टा करावी म्हणून मी तिथला खडू उचलला आणि टाकीवरच्या त्या आडव्या रेघेवर मोठ्या अक्षरांत लिहिले: शफी. त्यांनी भिंग खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले, मग काचेकडे पाहिले. अंगठा टाकीत बुडवून ओला केला आणि एकेक अक्षर सावकाश पुसून काढले.

"पयले उगू द्या, वकीलसाहेब," ते म्हणाले आणि पुन्हा अंड्यांवर वाकले.

खाऱ्या पाण्याचा तो अंगठा फिरला होता, तिथे काचेवर मिठाचा एक पांढरा पट्टा सुकून राहिला होता.